आधी धरणं, मग तोडणं

डिसेंबरातली सकाळ. प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीतून उतरणारा दुधट प्रकाश, नुकत्याच पुसलेल्या कडप्प्याचा ओलसर वास, आणि त्या नीरवतेत मध्येच उमटून विरून जाणारा घुंगरांचा एक अगदी बारीक आवाज. जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत घुंगरांचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण त्या हिवाळ्यात परभणीतल्या आमच्या महाविद्यालयात तो आवाज नित्याचा झाला होता. काळ्या ओट्याशी उंच स्टुलावर बसून विशाखा तांब्याची तार हातांनी वळवत असायची. तारेत ओवलेले मणी एकमेकांवर घासायचे, आणि तारेवर एकमेकांपासून दूर बांधलेली दोन घुंगरं, घडी चुकली की नुसती लोंबकळायची, घडी जमत आली की एकमेकांना लागून किणकिणायची. तिची मान ताठ असायची, चेहरा खिडकीकडे. बोटं मात्र त्या तारेवरून अशी फिरायची, की पाहणाऱ्याला वाटावं, तिथे काहीतरी लिहिलेलं आहे.

ती तार म्हणजे एका रेणूची प्रतिमा होती. स्वतःला स्वतःच कापणाऱ्या आणि कापलेली टोकं स्वतःच जोडणाऱ्या आरएनएची. आणि ती प्रतिमा हातांनी घडवावी लागत होती, कारण विशाखाचे डोळे जात होते.

ती पेडगावची. रोज सकाळच्या एसटीने परभणीला यायची. वडील उत्तमराव पालमला एका सरकारी कार्यालयात कारकून. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचे, शनिवारी घरी. बौद्ध कुटुंब. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या घरात पहिला मान पुस्तकाला, असं तिच्याच तोंडून मी ऐकलेलं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती माझ्यापुढे आली तेव्हा तिच्या हाताची सफाई पाहून मला फार बरं वाटलं होतं. थेंब मोजून टाकणारी मुलं पुष्कळ असतात. थेंब पडण्याआधी क्षणभर थांबणारी थोडी. ती थांबणाऱ्यांपैकी होती.

मग हळूहळू काही बारीक गोष्टी दिसू लागल्या. संध्याकाळचं प्रात्यक्षिक संपताना ती टेबलाच्या कडेला हात लावून चालायची. बाजूला ठेवलेला चंबू तिच्या कोपराने पडायचा, समोरचा मात्र कधीच नाही. दिवस कललेला असला की एसटी स्टँडवर ती एकटी जायची नाही. मैत्रिणींचा आवाज कुठून येतो तिकडे वळायची. शेवटी हैदराबादच्या एका रुग्णालयात तपासणी झाली आणि दृष्टिपटलाच्या एका आनुवंशिक आजाराचं नाव तिला मिळालं. या आजारात आधी अंधारातली नजर जाते, मग कडेची. दृश्य सगळ्या बाजूंनी आक्रसत येतं. आपण नळीतून पाहतोय असं वाटतं, आणि ती नळी वर्षागणिक अरुंद होत जाते. थांबवणारं औषध तिच्यासाठी तरी नव्हतं. तिने हे मला अगदी शांतपणे सांगितलं. मी तिला चहा पाजला. माणसाला काही सुचत नाही तेव्हा त्याच्या हातून चहाच होतो.

उत्तमराव मला भेटायला आले ते एका सोमवारी, रजा टाकून. स्वच्छ इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि बोलण्यात विलक्षण अदब. खुर्चीच्या कडेवर बसले. आमच्या विभागप्रमुखांना ते आधीच भेटून आले होते. सरांनीही त्यांना तेच सांगितलं होतं जे उत्तमरावांच्या स्वतःच्या मनात होतं: प्रयोगशाळा म्हणजे काच, आम्ल, ज्योत, मुलीला काही झालं तर? सर कठोर नव्हते. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. उत्तमरावांचं म्हणणं असं, की तिने हे सोडावं, बी.एड. करावं किंवा अपंगांसाठीच्या राखीव जागेतून एखादी नोकरी धरावी, आणि नजर आहे तोवर आयुष्याची घडी बसवून घ्यावी. यात चूक काय होतं? त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

"तुमचं ऐकती ती," ते म्हणाले. "डोळे जायलेत तिचे, मॅडम. आन ती डोळ्यालाच न दिसनाऱ्या चीजंचा अभ्यास करायलीय. तिला जरा समजून सांगा तुमी."

त्यांच्या त्या वाक्यावर मी नंतर कितीदा विचार केला! डोळ्यालाच न दिसणारी चीज. खरंच, रेणू कुणी पाहिला आहे? क्ष-किरण स्फटिकातून जाताना जे ठिपके उमटतात त्यांवरून आम्ही त्याच्या आकाराचं अनुमान काढतो; रंगीत चित्रं काढतो, लाल-निळ्या फिती वळवतो, आणि मग त्या चित्रालाच रेणू समजू लागतो. त्या सूक्ष्म जगाच्या दाराशी आम्ही सगळेच चाचपडत उभे आहोत. कुणाचे डोळे धड आहेत आणि कुणाचे नाहीत, हा भेद तिथे फारसा उरत नाही.

मी तिला समजावणार होते. वडिलांना तसा शब्दही दिला होता. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली आणि परिसंवादासाठी निवडलेला विषय सांगू लागली. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एका विषयावर सविस्तर बोलावं लागतं आणि बाहेरच्या परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. तिचा विषय होता, स्वतःला कापणारे आरएनए. वर्गात मी तो फारतर दोन तासांत उरकत असे.

तुमच्यापैकी ज्यांचा या शास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या जनुकांतला मजकूर सलग नसतो. अर्थाच्या अक्षरांमध्ये मधूनमधून भलत्याच अक्षरांचे लांबलचक तुकडे शिरलेले असतात. पेशी त्या मजकुराची एक प्रत काढते. ती प्रत म्हणजे आरएनए. त्या प्रतीतून मधले तुकडे कापून टाकावे लागतात आणि उरलेली टोकं नेमकी जोडावी लागतात, एक अक्षर इकडेतिकडे न होता. एवढं नाजूक काम कोण करतं? पेशीतली सगळी कामं प्रथिनं करतात, असं शास्त्रज्ञ मानत होते. आरएनए म्हणजे बिचारा निरोप्या. निरोप सांगावा आणि विरून जावं.

मग दूरदेशी काही संशोधक गोड्या पाण्यातल्या टेट्राहायमेना नावाच्या एका केसाळ, एकपेशीय जीवाचा आरएनए घेऊन बसले. त्याला कापणारं प्रथिन कोणतं, ते त्यांना शोधायचं होतं. पण ज्या नळीत प्रथिन घातलंच नव्हतं तिथेही आरएनए कापला गेलेला दिसे. त्यांना वाटलं, कुठलं तरी चिवट प्रथिन त्याला चिकटून राहिलं असणार. त्यांनी ते द्रावण उकळलं, प्रथिनं फोडणारी द्रव्यं त्यात मिसळली. तरी कापणं थांबेना. शेवटी त्या जीवाशी कधी संबंधच न आलेला, बाहेरच तयार केलेला शुद्ध आरएनए त्यांनी घेतला. त्यानेही स्वतःला कापलं, स्वतःला जोडलं! निरोप्या समजत होतो तो कारागीर निघाला. कुणास ठाऊक, पृथ्वीवर प्रथिनं नव्हती तेव्हा जीवनाचा सगळा भार या एकट्या धाग्यानेच वाहिला असेल. आजही आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं विणणारा जो माग आहे, त्याच्या गाभ्याशी काम करतो तो आरएनएच.

हे सगळं विशाखाला ठाऊक होतं. तिचं कारण मात्र निराळं होतं. तिच्या आजाराच्या काही प्रकारांत दोष डोळ्यापुरत्या एखाद्या जनुकात नसतो. आरएनए कापण्याजोडण्याच्या यंत्रणेतल्या एखाद्या प्रथिनात असतो. ती यंत्रणा सगळ्या शरीरात असते, पण दृष्टिपटल इतकं राबतं, की पहिला ताण तिथेच येतो. आणि त्या अवाढव्य यंत्रणेच्या ऐन गाभ्यात प्रत्यक्ष कापणारा असतो आरएनए, या स्वयंछेदी आरएनएंचा दूरचा भाऊबंद. आपला आजार त्याच प्रकारचा आहे की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं. तपासणी व्हायची होती.

"असंल किंवा नसंल," ती म्हणाली. "पन मला ते बघायचंय, मॅडम. दिसतंय तोवर म्हनून न्हाई. नीट बघायचंय."

मी समजावण्याचा विचार सोडून दिला. उत्तमरावांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, बरं, परीक्षेपर्यंत.

तार स्टेशन रोडच्या एका विजेच्या दुकानातून आणली. चार अक्षरांसाठी चार प्रकारचे मणी: गोल लाकडी, चौकोनी, लांबट, आणि खरबरीत. कुठलं अक्षर कुठल्याशी जोडी जमवतं ते बोटांना कळावं म्हणून. घुंगरांची कल्पना तिचीच. या आरएनएच्या मर्मस्थानी मॅग्नेशियमचे धनभारित कण असतात; त्यांच्यावाचून रासायनिक घडामोड होतच नाही. पूर्ण धाग्याची घडी बरोबर पडली तरच त्यांना बसायची जागा तयार होते. म्हणून दोन घुंगरं. ती एकमेकांजवळ येऊन वाजली, की समजायचं, घडी जमली.

पण घडी जमत नव्हती. पुस्तकातलं चित्र सपाट. त्यावर आखलेल्या शिड्या, वळणं, फास सगळं कागदाला चिकटलेलं. तिने चित्राबरहुकूम तार वळवली की ती टेबलावर आडवी पसरायची, एखाद्या रस्त्याच्या नकाशासारखी. धागा स्वतःभोवती पीळ घेतो, त्या पिळाला खोबण असते, आणि एका पिळाची बाजू दुसऱ्याच्या खोबणीत जाऊन टेकते, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगे. शब्दांनी पीळ कसा समजणार? मी हात हवेत फिरवायचे आणि मग लक्षात यायचं, की हे तिला नीट दिसत नाही.

माझं माहेर सेलू तालुक्यातलं वालूर. तिथली बारव तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. इतर बारवांच्या पायऱ्या सरळ खाली पाण्याकडे जातात. या बारवेच्या पायऱ्या भिंतीलगत गोल फिरत उतरतात. कितीतरी वर्षं ती गाळात, झुडपांत बुडालेली होती. गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली. एका रविवारी मी विशाखाला घेऊन तिकडे गेले. काय दाखवायचं आहे, ते सांगितलं नव्हतं.

तिने चपला काढल्या. उजवा हात दगडी भिंतीवर ठेवला आणि उतरू लागली. मी एक पायरी पुढे. वरची ऊब मागे राहिली, दगडाचा गारवा अंगाला लागू लागला. चालताना आपण सरळच चाललो आहोत असं प्रत्येक पावलाला वाटतं; पण डाव्या गालावर असलेलं ऊन जरा वेळाने समोर येतं, मग उजव्या गालावर येतं, आणि ज्या जागेवर आपण मघाशी उभे होतो तिच्याच खाली आता येऊन ठेपलो आहोत, हे शरीराला कळतं. विशाखा थांबली. तिने हात वर करून डोक्यावरच्या दगडांचा अदमास घेतला, मग वाकून खालचे दगड चाचपले. पुन्हा चार पावलं वर गेली, पुन्हा खाली आली. असं तिने कितीदा केलं कोण जाणे. काठावर बसलेले दोन म्हातारे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. ती वर आली तेव्हा तिच्या तळव्यांना शेवाळ लागलं होतं आणि चेहरा उजळला होता. येताना एसटीत ती मांडीवरच्या ओढणीचा पदर बोटांभोवती गुंडाळत आणि सोडत राहिली.

त्यानंतर काही दिवसांतच घुंगरं वाजली. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. आवाज ऐकून गेले, तर ती तारेचा तो गुंता दोन्ही तळहातांत पाखरू धरावं तसा धरून बसलेली. म्हणाली, हात लावा. मी डोळे मिटले आणि हात लावला. इतकी वर्षं जे मी फळ्यावर काढत आले होते ते पहिल्यांदाच माझ्या ओंजळीत होतं. दोन पीळ एकमेकांना पाठ लावून उभे, मध्ये एक पोकळ खोबण, आणि तिथे ती घुंगरं.

आणि मग ती जे म्हणाली, ते माझ्या मनात कायमचं घर करून राहिलं.

"मॅडम, हे आधी धरून ठेवतंय. मग तोडतंय."

तसं ते खरंच आहे. पुस्तकात लिहिलेलं आहे, मीही शिकवत आले आहे. पण कापण्याच्या नाट्यात ते धरणं माझ्या नजरेतून नेहमी निसटत असे. कापायच्या तुकड्यातच काही अक्षरं अशी असतात, की ती आधीच्या अर्थपूर्ण भागाच्या टोकाशी जोडी जमवून त्याला घट्ट पकडतात. मगच बाहेरच्या द्रवातून ग्वानोसीन नावाचा एक लहानसा रेणू येतो, गाभ्यातल्या खोबणीत बसतो, आणि त्याचा प्राणवायूचा अणू सांध्यावरच्या फॉस्फेटवर चाल करून जातो. जुना बंध तुटतो त्याच क्षणी नवा बंध जुळतो. ग्वानोसीन कापायच्या तुकड्याच्या डोक्याशी जोडला जातो. आता अर्थपूर्ण भागाचं टोक मोकळं झालेलं असतं. ते पाण्यात वाहून जायला हवं. पण जात नाही. कारण ते धरलेलं असतं. मग ग्वानोसीन या पाहुण्याने सोडलेल्या त्याच खोबणीत तुकड्याच्या शेवटचं अक्षर येऊन बसतं, धरलेलं टोक पुढच्या सांध्यावर चाल करतं, दोन्ही अर्थपूर्ण भाग जुळतात आणि मधला तुकडा अलगद बाजूला होतो. या साऱ्यात ऊर्जेचा वेगळा साठा खर्ची पडत नाही. जितके बंध तुटले तितकेच जुळले. असं तोडणं, की ज्यात काहीच गमावलं जात नाही!

आपल्याला असं तोडता येतं का? गाव सोडताना, माणसं सोडताना, एखादं काम हातातून जाताना आपण आधी तोडतो; मग मोकळी टोकं शोधत हिंडतो.

परिसंवादाच्या दिवशी उत्तमराव येऊन शेवटच्या बाकावर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. विशाखाने पडद्यावर चित्रं लावली नाहीत. तारेची प्रतिमा तिने आधी सगळ्यांच्या हातांतून फिरवली आणि डोळे मिटून पाहायला सांगितलं. बाहेरचे परीक्षक वयस्क गृहस्थ होते, जरा तापट म्हणून प्रसिद्ध. त्यांनीही चष्मा काढून ठेवला. मग ती बोलत राहिली, हातांनी त्या घडीची एकेक बाजू दाखवत. जीभ सुरुवातीला जरा अडखळली, नंतर नाही.

परीक्षकांचा प्रश्न साधा होता आणि अवघडही. ते म्हणाले, ग्वानोसीन बाहेरून येतो, मॅग्नेशियम बाहेरून येतं, मग याला स्वयं का म्हणायचं? नाव चुकलं नाही का?

तिने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं, की नाव चुकलेलं नाही, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. स्वयं म्हणजे एकट्याने नव्हे. कोरड्या नळीत हा आरएनए काहीच करू शकत नाही. त्याला पाणी लागतं, क्षार लागतात, बेताची ऊब लागते, एक पाहुणा लागतो. पण हे सगळं आल्यावर काम कुणी करायचं, ते मात्र त्याच्याच अंगात असतं. ते दुसरं कुणी करू शकत नाही.

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचे प्रश्न विचारले. तिला उत्तम गुण मिळाले. पण मला आठवतो तो नंतरचा प्रसंग. मुलं तिच्याभोवती गोळा झाली होती आणि उत्तमराव व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आनंद झाल्याचं सांगतील. ते हळू आवाजात म्हणाले, मॅडम, हे खानदानी असतंय म्हणती. माझी थोरली बहीण, तिचे डोळे गेल्ते. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माझ्याकडनं आलं का हे पोरीला?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. ते माहीत नसणं त्या क्षणी मला केवढा मोठा आधार वाटला!

त्याला आता काही वर्षं झाली. विशाखाची नजर पुढे आणखी आक्रसली. आता उजेड आणि सावली एवढंच उरलं आहे. विभागप्रमुखांची भीती पूर्णपणे खोटी ठरली, असं मी म्हणणार नाही. काचेच्या नळ्यांचं काम तिला सोडावंच लागलं, आणि ते सोडताना ती फार रडली. पण आरएनए म्हणजे शेवटी चार अक्षरांचा मजकूर. आणि त्याची घडीदेखील संगणकावर मजकुरानेच लिहितात. जोडी जमवणाऱ्या अक्षरासाठी एक उघडा कंस, त्याच्या जोडीदारासाठी एक बंद कंस, मोकळ्या अक्षरासाठी टिंब. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज तिच्या कानात हे सगळं म्हणत राहतो, उघडा, उघडा, टिंब, टिंब, बंद, इतक्या वेगाने, की मला त्यातलं अक्षर कळत नाही. ती मात्र ऐकता ऐकता म्हणते, इथं पीळ हाय, इथं फास पडलाय. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत ती हेच काम करते. तिथे आरएनएच्या नवनव्या घड्या शोधल्या जातात.

मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. जनुकीय तपासणीचा निकाल हाती आला होता. दोष कापण्याजोडण्याच्या यंत्रणेतल्या प्रथिनातच होता. आणि वडिलांचंही रक्त तपासलं होतं. तो त्यांच्यातही होता. हा दोष लहरी आहे. एकाच घरात एकाचे डोळे नेतो आणि दुसऱ्याला आयुष्यभर स्पर्शही करत नाही. उत्तमराव आता निवृत्त झालेत, अजूनही चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचतात.

"मी सोता सांगनार हाय बाबांना," ती म्हणाली. "तुमी तिथं असा. बोलू नका काही. उगं असा."

म्हणून मी पेडगावला गेले. दुपारची वेळ होती. अंगणात कडुनिंबाची फुलं गळून पडलेली, आणि तिच्या आईने त्याच सावलीत आमच्यासाठी सतरंजी अंथरलेली. विशाखाने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शास्त्रातले शब्द टाळले नाहीत, पण प्रत्येक शब्द उलगडून सांगितला. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. उत्तमराव खाली पाहत ऐकत होते.

मग ते म्हणाले, "म्हंजी आक्काचे डोळे चुलीच्या धुरानं गेले न्हाईत."

"न्हाई, बाबा."

"सगळे तिलाच बोलायचे. ओली लाकडं कामून जाळतीस म्हनून." ते थांबले. "आन तुझे..."

विशाखा सरकून त्यांच्याजवळ बसली.

"तुमच्याकडनं आलंय, बाबा. पन तुमच्याकडनं हे एकच थोडंच आलंय? हात तुमचे हायेत. हट्ट तुमचा हाय. त्यातलं हे एवढंच वायलं काढून कुठं ठेवू मी?"

मी पाहू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, आणि मीही कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागले. वाटलं, या माणसाने मुलीच्या नजरेची जितकी फिकीर केली, तितकीच गेली काही वर्षं स्वतःच्या रक्ताची केली असणार. आणि ती कुणापाशी बोलता येत नव्हती. सत्य कळल्याने दुःख कमी होतं का? तसं मला वाटत नाही. पण जे इतके दिवस एकट्याने उचललेलं होतं त्याला दुसरा हात लागतो. आणि एक गोष्ट मला त्या दुपारी दिसली. बहिणीचं नाव घेताना त्यांच्या आवाजात जी माया होती, ती त्या दोन वाक्यांपुरती का होईना, स्वतःवरच्या रागापेक्षा मोठी होती. कधीच्या निवर्तलेल्या त्या बाईवरचा धुराचा आळ त्या अंगणात पुसला गेला.

उन्हं कलली तशी आम्ही निघालो. तिला परभणीहून हैदराबादची गाडी पकडायची होती, आणि मी तिच्याबरोबर जाणार होते. उत्तमराव आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आले. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हाताने त्यांनी सवयीप्रमाणे तिचं मनगट धरलं होतं आणि ते तिला ओढल्यासारखे पुढे नेत होते, खड्डे टाळत, दगड टाळत. रस्त्याच्या वळणावर ती थांबली. हळूच तिने आपलं मनगट त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. ते दचकले. त्यांना वाटलं, ती रागावली. तिने हात पुढे करून त्यांचं कोपर शोधलं आणि त्यावर आपली बोटं ठेवली.

"आसं चालायचं असतंय, बाबा. तुमी पुढं चाला. मी धरते."

उत्तमराव क्षणभर तसेच उभे राहिले. हात कसा ठेवावा, पाऊल किती टाकावं, हे त्यांना कळेना. मग ते चालू लागले. पहिली काही पावलं अवघडलेली पडली, नंतर आपोआप तिच्या पावलांशी जमत गेली. मी मुद्दामच थोडी मागे राहिले.